पंचनामा आणि कॅमेरा

प्रास्ताविक

प्रस्तुत पाठ हा वैचारिक लेख आहे. सार्वजनिक ठिकाणी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे काय, या प्रश्नाचा विचार त्यात केला आहे. प्रश्न कायद्याचा असला तरी त्याचा भाषेशी निकटचा संबंध आहे. घडलेली घटना कोणी सांगावी, कोणत्या शब्दांत सांगावी आणि त्यांपैकी कोणाचे सांगणे ग्राह्य धरावे, हा या वादाचा गाभा आहे. पाठ वाचताना त्यातील वाक्यांत कर्ता कोण आहे आणि तो कोठे गाळला आहे, याकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

पंचनामा हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. चोरी झाली, अपघात झाला, पुरात घर पडले, की तेथे पंचनामा होतो. पोलीस किंवा तलाठी कागद लिहितो आणि त्याखाली दोन पंच सह्या करतात. हे पंच बहुतेकदा सरकारी नोकर नसतात. ते त्याच वस्तीतले चारचौघांसारखे रहिवासी असतात. झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक निःपक्षपाती व प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे. या तरतुदीमागील विचार साधा आहे. शासनाने लिहिलेला कागद केवळ शासनाच्या सहीने खरा ठरू नये. ज्याला त्या प्रकरणात काही मिळवायचे नाही आणि गमवायचेही नाही, अशा माणसाने तो डोळ्यांनी पाहिलेला असावा.

व्यवहारात या विचाराची फार ओढाताण होते, हे सर्वश्रुत आहे. पंच व्हायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. कोर्टाच्या तारखांना खेटे घालण्याची भीती असते. मग ठाण्याच्या ओळखीतले तेच ते लोक पुन्हा पुन्हा पंच म्हणून उभे राहतात, मजकूर न वाचताच सही होते, आणि पुढे खटल्यात पंच फितूर झाल्याचे जाहीर करावे लागते. पंचाची संस्था कागदावर उरते. पाहणारा डोळा मात्र तेथे नसतो.

अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभा राहून हातातल्या मोबाइलवर चित्रीकरण करणारा माणूस जे करतो, ते पंचाचेच काम आहे. त्याला कोणी बोलावलेले नसते आणि त्याची सही कोणी घेत नाही. परंतु जे घडले ते त्याने पाहिलेले असते आणि त्याच्या पाहण्याचा पुरावा त्याच्याजवळ असतो. त्याला हे करू द्यावे की नाही, यावर गेली कित्येक वर्षे जगभर वाद चालू आहे.

वाक्यातून नाहीसा झालेला कर्ता

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस या शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी पकडले. त्याने दुकानात २० डॉलरची खोटी नोट दिल्याचा संशय होता. त्या रात्री शहराच्या पोलीस विभागाने जे निवेदन काढले, त्याच्या मथळ्याचा आशय असा होता, की पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटना घडून एका माणसाचा मृत्यू झाला. पोलिसांनी संशयिताला बेड्या घातल्या, त्याला शारीरिक त्रास होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी रुग्णवाहिका बोलावली आणि रुग्णालयात तो मरण पावला, असा पुढील तपशील होता.

या निवेदनातील वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. बेड्या घालणे आणि रुग्णवाहिका बोलावणे या क्रियांना कर्ता आहे; तो पोलीस आहे. मरणाच्या क्रियेपाशी मात्र पोलीस कर्ता म्हणून उरत नाही. तेथे ‘घटना’ आपोआप ‘घडते’ आणि ‘मृत्यू’ आपोआप ‘होतो’. मराठीतही अशी रचना नेहमी आढळते. ‘आरोपीला मार लागला’, ‘झटापटीत जखमा झाल्या’, ‘प्रकृती खालावली’ या वाक्यांत व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही. कोणी मारले, एवढेच त्यांतून कळत नाही.

रस्त्यावर उभ्या असलेल्या डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीने तो सर्व प्रसंग आपल्या फोनवर टिपला होता. काही तासांतच तिने ती चित्रफीत लोकांसमोर ठेवली. डेरेक शोविन या पोलिसाचा गुडघा फ्लॉइडच्या मानेवर आहे, फ्लॉइड श्वास घेता येत नसल्याचे सांगतो आहे आणि आजूबाजूचे लोक त्याला सोडण्याची विनवणी करीत आहेत, हे जगाने पाहिले. पुढे खटल्यात हा दाब ९ मिनिटे २९ सेकंद होता, असे सांगण्यात आले. चित्रफितीने त्या निवेदनातील एकही शब्द खोडला नाही. वाक्याला त्याचा कर्ता परत मिळाला, इतकेच. २० एप्रिल २०२१ रोजी शोविन दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पत्रकारितेतील प्रतिष्ठेच्या पुलित्झर पुरस्कारांच्या मंडळाने त्याच वर्षी त्या मुलीचा विशेष गौरव केला. ती पत्रकार नव्हती. नऊ वर्षांच्या चुलतबहिणीला सोबत घेऊन ती दुकानात निघाली होती.

येथे एक शंका संभवते. त्या पोलिसांच्या अंगावरही कॅमेरे होते. मग मुलीच्या फोनची गरज काय? कॅमेरे होते हे खरे. परंतु त्यांतील चित्रण पोलीस विभागाच्या ताब्यात होते. ते कोणाला आणि केव्हा दाखवायचे हे ठरविणे लोकांच्या हाती नव्हते. निवेदन निघाले ते ते चित्रण हाताशी असतानाच.

चित्रफीत म्हणजे निकाल नव्हे

चित्रण झाले की न्याय झाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ३ मार्च १९९१ रोजी मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिस येथे पोलिसांनी पाठलाग करून रॉडनी किंग याची मोटार थांबविली आणि त्याला दंडुक्यांनी झोडपले. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडे याने आपल्या सज्जातून हा प्रकार घरगुती कॅमेऱ्यावर टिपला आणि फीत स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राला दिली. ती सर्वत्र दाखविली गेली. चार पोलिसांवर खटला झाला. बचावाच्या वकिलांनी तीच फीत संथ गतीने, एकेक चित्र थांबवून ज्युरींना दाखविली आणि प्रत्येक फटक्याचे स्वतंत्र समर्थन मांडले. २९ एप्रिल १९९२ रोजी जवळजवळ सर्व आरोपांतून पोलिसांची मुक्तता झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ६० हून अधिक माणसे मेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या, संघराज्याच्या न्यायालयातील खटल्यात चौघांपैकी दोघांना शिक्षा झाली. फीत तीच होती. पाहणारे बदलले होते.

बॉस्टनमधील वकील

चित्रीकरणाचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे स्पष्टपणे आला तो एका फार लहान प्रसंगातून. १ ऑक्टोबर २००७ रोजी सायमन ग्लिक नावाचा तरुण वकील बॉस्टन शहरातील ‘बॉस्टन कॉमन’ या सार्वजनिक उद्यानाजवळून चालला होता. तीन पोलीस एका तरुणाला अटक करीत होते. बळाचा वापर गरजेपेक्षा अधिक होतो आहे असे वाटून ग्लिक सुमारे दहा फुटांवर थांबला आणि मोबाइलवर चित्रण करू लागला. तो मध्ये पडला नाही. अटक पूर्ण झाल्यावर एका पोलिसाने त्याला, आता पुरे झाली छायाचित्रे, अशा अर्थाचे काही म्हटले. आपण चित्रण करीत असून तुम्ही त्या माणसाला ठोसा मारल्याचे पाहिले आहे, असे ग्लिकने सांगितले. फोनमध्ये आवाजही मुद्रित होतो काय, असे त्याला विचारण्यात आले. होतो, असे उत्तर येताच बेड्या त्याच्याच हातांत पडल्या.

आरोप तीन होते : चोरून ध्वनिमुद्रण करण्यास मनाई करणारा कायदा मोडणे, शांतताभंग करणे आणि अटकेतील माणसाला पळून जाण्यास साहाय्य करणे. तिसरा आरोप सरकारी पक्षानेच सोडून दिला. उरलेले दोन न्यायाधीशांनी २००८ मध्ये फेटाळले. दुसऱ्या कोणी येथेच सुटकेचा निःश्वास टाकला असता. ग्लिकने उलट पोलिसांवर आणि शहरावर दावा लावला.

पोलिसांचा बचाव असा होता, की असा काही अधिकार अस्तित्वात आहे हे त्या काळी स्पष्ट नव्हते. म्हणून अधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरता येणार नाही. २६ ऑगस्ट २०११ रोजी संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. सार्वजनिक जागी आपले कर्तव्य करीत असलेल्या शासकीय अधिकाऱ्यांचे चित्रण करणे हे अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या स्वातंत्र्यात येते, आणि हे पूर्वीपासूनच पुरेसे स्पष्ट होते, असे न्यायालयाने म्हटले. फोन सर्वांना दिसेल असा हातात धरला होता. तेव्हा ध्वनिमुद्रण चोरून झाले असेही म्हणता येत नव्हते. हा अधिकार केवळ वृत्तपत्राच्या प्रतिनिधीचा आहे काय, यावरही न्यायालय बोलले. बातमी आता पत्रकाराइतकीच रस्त्यावरच्या माणसाच्या फोनमधून येते, म्हणून ओळखपत्र पाहून हा अधिकार देता येणार नाही, असा त्या विवेचनाचा आशय होता. मार्च २०१२ मध्ये बॉस्टन शहराने ग्लिकला १ लाख ७० हजार डॉलर देऊन दावा मिटविला.

त्यानंतर अमेरिकेच्या इतर भागांतील अनेक अपील न्यायालयांनी असेच निर्णय दिले. इलिनॉय राज्यातील असेच एक प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ते सुनावणीस घेतले नाही आणि खालचा निर्णय टिकला. तरीही हा अधिकार आकसून घेण्याचे प्रयत्न होत राहिले. ॲरिझोना राज्याने २०२२ मध्ये पोलिसांपासून ८ फुटांच्या आत चित्रण करणे हा गुन्हा ठरविला. प्रश्न अंतराचा असता, तर ८ फुटांच्या आत नुसते उभे राहणेही गुन्हा ठरायला हवे होते. गुन्हा ठरले ते चित्रण. न्यायालयाने त्याच वर्षी या कायद्याला स्थगिती दिली आणि २०२३ मध्ये त्याची अंमलबजावणी कायमची रोखली.

पाठगत प्रश्न : (अ) ग्लिकचे ध्वनिमुद्रण ‘चोरून’ केलेले नव्हते, असे न्यायालयाने कशावरून ठरविले? (आ) ‘प्रकृती खालावली’ या वाक्यात कोणती माहिती दडून राहते?

वर्ध्याचे पोलीस ठाणे

अमेरिकेतील निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. भारतात पोलिसांचे चित्रण करण्याचा अधिकार नागरिकाला स्पष्ट शब्दांत देणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही. त्यास सरसकट बंदी करणारे कलमही नाही. आधार घ्यायचा तो राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा. माहिती मिळविणे आणि ती इतरांपर्यंत पोहोचविणे हे या स्वातंत्र्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाविषयीच्या खटल्यात सांगितले होते. हे तत्त्व रस्त्यावरच्या शिपायापर्यंत नेमके कसे आणायचे, याची उत्तरे मात्र तुटक तुटक मिळत आहेत.

त्यांपैकी एक उत्तर वर्ध्याहून आले. २०१८ मध्ये एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या वादाच्या संदर्भात पत्नीसह वर्धा येथील पोलीस ठाण्यात गेले होते. तेथील बोलणे ते मोबाइलवर टिपत असल्याचे पोलिसांच्या लक्षात आले आणि त्यांच्यावर १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदविण्यात आला. हा ब्रिटिश अमदानीतला कायदा मुख्यतः हेरगिरीसाठी केलेला आहे. ‘निषिद्ध स्थान’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात दिली आहे. तीत संरक्षणविषयक बांधकामे, शस्त्रागारे, भूदल, नौदल व वायुदल यांचे तळ, सुरुंगक्षेत्रे, जहाजे, विमाने यांचा समावेश आहे. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही व्याख्या बारकाईने वाचली. न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मिनेझिस यांच्या मते ती परिपूर्ण होती आणि तीत पोलीस ठाण्याचा उल्लेख नव्हता. पोलीस ठाणे हे निषिद्ध स्थान ठरत नाही. म्हणून गुन्हा रद्द झाला. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही ठाण्यात केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या एका प्रकरणात या कायद्याखालील आरोप टिकू दिला नाही.

या निकालाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ठाण्यात चित्रण करण्याचा नागरिकाला मूलभूत अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. हेरगिरीचा कायदा येथे लागू होत नाही, एवढेच सांगितले. तरीसुद्धा तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक थोडा नाही. शेजाऱ्याच्या भांडणाचे बोलणे टिपले म्हणून हेर ठरण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावरून दूर झाली.

ठाण्यातला कॅमेरा आणि दुकानाबाहेरचा कॅमेरा

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तमिळनाडूतील तुत्तुक्कुडी जिल्ह्यातील सातांकुळम या गावी मोबाइलचे दुकान चालविणाऱ्या पिता-पुत्रांना पोलिसांनी ठाण्यात नेले. दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. काही दिवसांतच दोघांचाही कोठडीत असताना मृत्यू झाला. पोलिसांच्या प्रथम खबर अहवालात, दोघे जमिनीवर लोळले व त्यामुळे त्यांना दुखापत झाली, असे लिहिले होते. येथे कर्ता होता. पण तो मेलेला माणूस होता. दुकानाच्या परिसरातील एका खासगी कॅमेऱ्याचे चित्रण नंतर पुढे आले. त्यात लोळण्याचा तो प्रकार दिसत नव्हता.

ठाण्यातही कॅमेरे होते. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून चौकशीसाठी गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले, की चित्रण साठविण्यास यंत्रात भरपूर जागा असूनही ते दररोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था केलेली होती. त्या रात्रीचे काहीही शिल्लक नव्हते. शिल्लक राहिली ती ठाण्यातीलच एका महिला हवालदाराची साक्ष. रात्रभर मारहाण झाल्याचे तिने न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले. पोलिसांविषयी लिहिताना या हवालदाराचा विसर पडू नये. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि ९ पोलिसांवर दोषारोपपत्र दाखल झाले.

त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी यांच्या खटल्यात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा सविस्तर आदेश दिला. प्रवेशद्वारे, कोठड्या, मार्गिका, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू यांपैकी काहीही कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटू नये, अंधारातही चित्रण व्हावे, आवाज मुद्रित व्हावा आणि हे सर्व शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष जतन करावे, असे त्यात म्हटले आहे. यापूर्वी डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसाने नावाची ठळक पट्टी लावावी आणि अटकेच्या टिपणावर निदान एका साक्षीदाराची सही घ्यावी, असे बंधन घातले होते. साक्षीदाराच्या सहीपासून रात्रीही पाहणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत येण्यास २४ वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतील कॅमेरे चालू स्थितीत नसल्याच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हाती कॅमेऱ्याची कळ असेल तर काय होते, हे सातांकुळमने दाखविले आहे. बाहेरच्या माणसाच्या कॅमेऱ्याचे महत्त्व येथे आहे.

अधिकाराची कुंपणे

चित्रण करणे आणि अडथळा आणणे यांत भेद आहे. शासकीय सेवकाच्या कामात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या २२१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याच्यावर बळाचा वापर केल्यास १३२ वे कलम लागते. जमाव पांगविणाऱ्या शिपायाच्या तोंडासमोर फोन नाचविणारा माणूस ग्लिकच्या निकालाचा आधार घेऊ शकत नाही. ग्लिक दहा फुटांवर उभा होता आणि गप्प होता. अत्याचार झालेल्या स्त्रीची आणि बालकाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. घटनास्थळी पडलेल्या जखमी माणसाचेही काही खासगीपण असते, हे चित्रण करणाऱ्यांच्या फार क्वचित ध्यानात राहते.

पोलिसांची तक्रारही ऐकली पाहिजे. बंदोबस्तावर बारा-बारा तास उभ्या असलेल्या शिपायाला आधी कोणी शिव्या दिल्या, ढकलले, ते चित्रफितीत नसते. त्याने उगारलेली काठी तेवढी असते. मागचे-पुढचे कापून पसरविलेली फीत ही कर्ता गाळलेल्या निवेदनाइतकीच अपुरी असते. त्यावर उपाय फोन हिसकावून घेणे हा नाही. मूळ चित्रण न कापता, न बदलता, ज्या फोनवर झाले त्याच फोनमध्ये राखणे हा आहे. न्यायालयात त्याची प्रत द्यायची झाली, तर सोबत कायद्याने ठरवून दिलेले प्रमाणपत्र लागते. जालना येथील एका निवडणूक-वादावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये याचा पुनरुच्चार केला आहे.

पोलिसांच्या हातीही आता मोबाइल आला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक असून ते शक्यतो मोबाइलवर करावे, असे म्हटले आहे. जप्त वस्तूंची यादी करणे आणि तिच्यावर पंचांनी सह्या करणे, हेही त्या चित्रणात आले पाहिजे, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. मजकूर न वाचता सही करणारा पंच यापुढे न्यायाधीशाला प्रत्यक्ष दिसू शकेल. रस्त्याच्या कडेने तेच दृश्य टिपणाऱ्या माणसाविषयी या कलमात एकही शब्द नाही.

स्वाध्याय

१. पुढील वाक्ये कर्ता स्पष्ट होईल अशी पुन्हा लिहा. त्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल, तेही लिहा : ‘झटापटीत जखमा झाल्या.’ ‘मोबाइल फुटला.’ ‘चित्रण उपलब्ध होऊ शकले नाही.’

२. पंच आणि चित्रण करणारा नागरिक यांच्या कामातील साम्य व भेद सांगा.

३. नागपूर खंडपीठाच्या निकालाने काय ठरले आणि काय ठरले नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. तुमच्या वस्तीतील एखादी साधी सार्वजनिक घटना पाच मिनिटे निरीक्षण करून दहा ओळींत लिहा. तीच घटना पाहिलेल्या दुसऱ्या कोणाकडून तिचे वर्णन लिहून घ्या आणि दोन्ही वर्णने कोठे जुळत नाहीत, ते नोंदवा.